मोरीखालचा नळ

आमच्या सोलापूरच्या घरात स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी तुंबायला लागलं, तेव्हा मी सोळा वर्षांची सून होते. फरशीखालचा जुना खापरी नळ फुटला होता. तो काढून बिडाचा घालायचं ठरलं. चार शहाबाद्या उचलल्या असत्या तर सकाळभराचं काम! पण नळ बदलणारा गडी ज्याला शिवायचं नाही अशा जातीचा. देवांसमोरून तो स्वयंपाकघरात येणार कसा? सासरे म्हणाले, "बाहेरून जोत्याखाली खण आणि पालथा शिर आत." माणूस होता की घूस!

तो शिरला बिचारा. दोन दिवस पोटावर सरपटत एकेक खापर ओढून काढत होता.

तिसऱ्या दिवशी मी बाजूला बसले होते, परसातल्या पडवीत. विटाळशीचा नुसता आवाज सोवळ्यातल्या स्वयंपाकावर पडला, तरी आमच्याकडे सगळं अन्न टाकून देत. मागच्याच महिन्यात मला ठसका लागला होता. सासूबाईंनी वरणभात म्हशीपुढं ओतला आणि मला दोन दिवस उपाशी ठेवलं.

गड्याला बजावलं होतं, जेवणं उरकल्यावरच ये. पण त्याला दिवसाउजेडी मंद्रूपला घरी पोचायचं होतं, म्हणून तो आधीच आला. शिरताना मला म्हणाला, "आक्का, आज मोरीच्या तोंडाखालचा तुकडा काढतो. उताणं पडावं लागतंय. वर सांगा की, पानी वतू नका म्हनावं."

मी मान हलवली. मेली मान तेवढी हलली!

पडवीतून स्वयंपाकघर दिसत होतं. थोड्या वेळानं सासूबाईंनी चुलीवरून भाताचं पातेलं उचललं आणि वरचं पाणी वेळून टाकायला मोरीकडे नेलं. उकळती पेज. एक हाक मारायची होती, नुसतं "थांबा" म्हणायचं होतं. हाक ओठांवर आलीही होती. मी तोंडात पदर कोंबला. माझ्याच हातानं कोंबला.

फरशीखालून किंकाळी आली.

तो आपला आपणच सरपटत बाहेर आला. कुणी पाय धरून ओढलंसुद्धा नाही. पापण्यांवर शितं चिकटलेली. सासरे मागच्या दारात येऊन म्हणाले, "नैवेद्य व्हायचाय अजून. ओरडायचं तर गल्लीत जा." तो भिंत चाचपत उभा राहिला, पडवीकडे तोंड करून म्हणाला, "आक्का, सांगितलं न्हाय व्हय तुमी?"

नैवेद्य व्हायचा होता ना! मी तेव्हाही बोलले नाही.

दोन्ही डोळे गेले त्याचे. उरलेला नळ दुसऱ्या गड्यानं घातला, तोही जोत्याखालून शिरूनच.

न्हाणं झाल्यावर मी घरात आले. सासूबाईंनी पहिल्यांदाच माझं पान स्वतः वाढलं. म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं, तरी चकार शब्द काढला नाहीस. शिकलीस हो आता!" आणि भातावर चमचाभर तूप जास्त घातलं.

काय सांगू, मला बरं वाटलं. तो भात मी चाटूनपुसून खाल्ला.