दफनभूमीशेजारचं पहिलं बाळंतपण

त्रेपन्न-चोपन्न साल असावं. गोखिवऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, भर दुपारी एक बैलगाडी येऊन थांबली... आणि तिथून काही पुढे सरकेना. गाडीत कळा देणारी बाई होती आणि माझा दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता.

मी तेव्हा बावीस वर्षांची. माणिकपूरची मुलगी, नर्सिंगचा कोर्स करून नुकतीच नोकरीला लागलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या डोंगराच्या पायथ्याशी लष्कराचं हॉस्पिटल होतं. लष्कर गेल्यावर बऱ्याच बराकी मोडल्या, एक तेवढी उरली. तिच्यात सरकारने बाळंतपणाचा दवाखाना काढला होता. चार खाटा, एक कपाट आणि मी... डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे.

दोन महिने झाले तरी एकही बाई आली नव्हती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्याच्या कडेलाच त्या हॉस्पिटलात मेलेल्या सैनिकांची दफनभूमी होती. पंचवीस-तीस कबरी, काहींवर लाकडी क्रूस, काहींवर नुसत्या फळ्या, आणि सगळीकडे माजलेली घाणेरीची काटेरी झुडपं. पोटुशी बाई तिथून गेली तर तिला भूत धरतं, असं गावोगाव बोललं जायचं.

मी पाड्यापाड्यांत जाऊन बायकांना समजावत होते. त्यातल्याच एकीने "येईन" म्हणून सांगितलं होतं. ती आली नाही. घरीच बाळंत होताना दगावली, बाळासकट. ते कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून ती गाडी दिसली तशी मी धावतच सुटले. आत हिरू नावाची पोरगी, पहिलटकरीण, दीड दिवस कळा सोसून अर्धमेली झालेली. नवऱ्याने बैल धरून ठेवले होते. आणि तिची सासू, पार्वतीमावशी, रस्त्यात आडवी उभी.

"बाय, जा करायचा ता इथंच कर," ती म्हणाली. "या मढ्यांच्या म्होरून मी सुनेला नाय नेनार."

मी विनवलं, समजावलं, शेवटी आवाज चढवला. नवरा बैलांची दोरी सोडेना. मग रागाच्या भरात मी घाणेरी बाजूला सारून थेट कबरींमध्ये शिरले. खरं सांगते, दोन महिन्यांत मी तिथे एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या ख्रिस्ती घरात रोज संध्याकाळी मृतांसाठी प्रार्थना व्हायची, आणि मी मात्र...

"काही नाही इथे, मावशी. नुसती नावं आहेत. ऐका," म्हणत मी फळ्या पुसून मोठ्याने वाचू लागले. जोसेफ, वय बावीस. अब्दुल, वय चोवीस. थॉमस, वय एकोणीस...

"किती म्हनलीस?"

"एकोणीस."

ती दोन पावलं पुढे आली. "आनि त्या कोपऱ्यातला?"

"वीस."

तिने त्या कोपऱ्यातल्या फळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माझा मोठा पोर लक्षुमन पन लढाईत गेला. मिलिटरीची गाडी चालवायला घेतला होता त्याला. कागूद आला, ब्रह्मदेशात हरवला म्हून. त्याला अग्नी दिला का माती दिली, कोनी दिली... मला काय म्हाईत नाय."

ती माझ्या मागोमाग आत आली. थॉमसच्या कबरीपाशी वाकली, मातीवर हात ठेवला. मग मागे वळून मुलाला म्हणाली, "बगतोस काय? हाक गाडी."

पुढचे तीन तास मी कसे काढले, मलाच माहीत. डॉक्टर नाहीत, निरोप पाठवला तरी ते वेळेत पोचणार नव्हते. पार्वतीमावशीच हिरूच्या उशाशी बसून तिला धीर देत होती, मी मागितलं की पाणी तापवून आणत होती. उन्हं कलली तेव्हा मुलगी झाली... गळ्याला नाळेचा वेढा, निळी पडलेली. वेढा सोडवला, तोंड साफ केलं, पाठ चोळत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी ती रडली, आणि तिच्यामागून मीही.

हिरू आठवडाभर राहिली. दुसऱ्याच सकाळी पार्वतीमावशी माझ्याकडून कोयता मागून घेऊन गेली आणि घाणेरी तोडायला बसली. तिसऱ्या दिवशी तिच्या गावच्या दोघी नात बघायला आल्या, त्याही तिच्या शेजारी बसल्या. मी रविवारी माणिकपूरला चर्चमध्ये मिस्साला गेले, तेव्हा आमच्या आळीतल्या बायकांना ही हकीकत सांगितली. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, त्या मेणबत्त्या घेऊन आल्या. पार्वतीमावशी झेंडूची फुलं घेऊन आली. तिने सगळ्या कबरींवर सारखी फुलं वाहिली... क्रूस असो की फळी.

त्यानंतर बायका यायला लागल्या. पावसाळा तोंडावर आला तेव्हा चारही खाटा भरलेल्या होत्या, आणि पाचवी मी डॉक्टरांशी भांडून मिळवली.

त्या पहिल्या आठवड्यानंतर, हिरूला घरी न्यायच्या दिवशी, पार्वतीमावशी नातीला पदराखाली घेऊन त्या रस्त्याने चालत निघाली होती. दफनभूमीपाशी थांबून मला म्हणाली, "बाय, माझ्या लक्षुमनाच्या उशाशी पन तिकडं कोन तरी बाय बसली असंल. नाय का?"

मी "हो" म्हणाले. मला काय ठाऊक होतं... पण त्या दिवशी ते "हो" अगदी मनापासून आलं. आज नव्वदी ओलांडल्यावर वाटतं, पुढची सगळी नोकरी मी परक्यांच्या उशाशी बसून, तिला दिलेला तो शब्द खरा करण्यासाठीच केली.