‘ह’ सोडत वर या

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो पनवेलजवळच्या बेलपाड्याच्या गोदाकाकूंचा. आपट्याहून पनवेलच्या कॉलेजात रोज येणं जमेना, तेव्हा त्यांनी मला तीन वर्षं घरी ठेवून घेतलं. त्यांच्या मुलाच्या, नामदेवच्या ताटाशेजारी माझं ताट असायचं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्या भातावर झालो.

नामदेव आणि मी नौदलात एकत्र भरती झालो, एकत्रच डायव्हर झालो. निघताना काकू म्हणाल्या, “दोगं संगतीन जा, संगतीन या.”

ट्रेनिंगचे चीफ कोल्हापूरचे होते. त्यांचा पहिला धडा वर येण्याचा. खोल पाण्यात सिलिंडरची हवा दाबाखाली छातीत जाते. वर येताना ती फुगते. श्वास धरला तर फुफ्फुस फाटतं. म्हणून श्वास सोडत, आपल्या बारीक बुडबुड्यांपेक्षा हळू वर यायचं.

“तोंडाने ‘ह’ सोडत या,” चीफ म्हणाले. “पनवेलवाले बोलताना ‘ह’ गिळतात. पाण्यात गिळू नका.”

“आमी नाय गिलत, चीफ,” नामदेव म्हणाला. सगळी बोट हसली.

पुढे एकदा बुडालेल्या बार्जला, म्हणजे मालवाहू तराफ्याला, दोर बांधायचं काम आलं. रोजचंच काम. दोर बांधून झाला आणि नामदेवची हवा बंद पडली. त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवून ‘हवा नाही’ अशी खूण केली. माझ्या सिलिंडरच्या नळीचा माउथपीस आळीपाळीने तोंडात धरून श्वास घेत आम्ही वर निघालो. अर्ध्या वाटेत त्याने छातीभर श्वास घेतला, माउथपीस मला परत दिला आणि प्रवाहाच्या धक्क्याने आमचे हात सुटले. तो एकटाच वर निघाला. जोरात पाय मारत, तोंड मिटून, लहानपणी खाडीत बुडी मारून यायचा तसा. त्याचे बुडबुडे दिसेनात.

मी मागे धावलो नाही. ‘ह’ सोडत, सावकाश आलो.

बोटीवर सुपरवायझर त्याला हलवत होते. “नामदेव, बोल. बोल काहीतरी.”

किनारा येण्याआधी तो गेला.

त्याला घेऊन मी बेलपाड्याला आलो. काकूंनी एकच विचारलं, “तू त्याच्या मागं का नाय धावलास?” ड्युटीवर परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं.

“काकू, धावलो असतो तर माझीही छाती फाटली असती. नामदेव घाबरला, म्हणून श्वास धरला. पण त्याआधी माझा माउथपीस त्याने मला परत दिला होता. पाण्यातून आम्ही संगतीन आलो नाही. घरी मात्र संगतीन आलो. सुट्टीत येईन, तेव्हा ताटं दोन मांडा. मी माझ्या जागेवर बसेन.”