धवल्यातली ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तिला सांगितलं तर ती वर जाऊन वनिताताईंना सांगून मोकळी होईल, आणि मग — मग काय, आम्हाला घर बदलावं लागेल? बघा, अजूनही मी आपल्याच सोयीचा विचार करतोय.

करंजाड्यात आम्ही वनिताताईंच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो. त्यांची आई, हिराबाई, धवलारीण होत्या — आगऱ्यांच्या लग्नात एकेका विधीचे धवले म्हणणाऱ्या. तासन् तास गायच्या, समोर कागद नाही की वही नाही. त्या गेल्यावर त्यांच्या आवाजाची एकच सीडी मागे राहिली, एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने काढून दिलेली. ताई ती साडीच्या घडीत ठेवत. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी ती माझ्या हातात दिली, फोनवर घेऊन द्या म्हणून.

"आयेचा आवाज हाय त्यान. जपून करा."

सीडीवर ओरखडे होते. आणि मला सगळं कळत होतं — महापेला माझं कामच ते, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. सीडी कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने दोन पर्याय दाखवले. सावकाश पद्धत प्रत्येक तुकडा दोनदा वाचते, ताडून बघते, जमलं नाही तर तसं सांगते. तिला दोन-तीन तास लागले असते. झटपट पद्धत मिळेल ते उचलते, न मिळालेलं न सांगताच गाळते आणि पुढे पळते. पाच मिनिटं. मला सानपाड्याला मित्राकडे बिर्याणीला जायचं होतं. हो, बिर्याणी. याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं का?

फाइल मी ऐकलीसुद्धा नाही. "झालं, ताई. आता ही सीडी गॅलरीत टांगा, कबुतरं तरी येणार नाहीत," म्हणालो, आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो. त्यांनी खरंच टांगली. माझ्या शब्दावर विश्वास होता त्यांचा. उन्हाने काही महिन्यांत तिची वाट लावली.

पुढे त्यांच्या पुतण्याच्या हळदीला त्या फाइलमधला हळदीचा धवला स्पीकरवर लावला. मधली एक ओळच गेली, आणि गाणं थेट पुढच्या ओळीवर. खरखर नाही, काही नाही — गाणारी विसरावी तसं. मला लगेच ती झटपट पद्धत आठवली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ती ओळ काय होती, कुणालाच नक्की आठवेना. ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आये कंदी ईसरली नाय ओ. म्हातारपनी झाला असंल का तसा?"

तेव्हा बोलता आलं असतं. एकच तर वाक्य होतं. मी म्हणालो, "वय झालं होतं ना, ताई."

त्यांनी मान हलवली. डोळे भरून आले त्यांचे. मला लाज वाटली — आणि सुटल्यासारखंही वाटलं. हे दुसरं सांगताना जीभ जास्त अडते.

हिराबाई विसरल्या नव्हत्या.

गेल्या महिन्यात ताईंची मुलगी प्राची आमच्याकडे बसली होती. फोनवर ऐकून ऐकून ती आजीचे धवले शिकतेय. तिने तोच हळदीचा धवला म्हणून दाखवला. त्या जागी आली, आणि जराही न अडखळता पुढच्या ओळीवर गेली.

"छान म्हणतेस," मी म्हणालो.