लाल गाडी, मोकळा रस्ता आणि कावळ्याला दिलेला शब्द

या सहलीचा बेत ठरला नदीकाठी, माझ्या धाकट्या भावाच्या दहाव्याला. लोक कॅलेंडर बघून सहली ठरवतात, आमची कावळ्याने ठरवली. 'एक दिवस स्पोर्ट्स कार भाड्याने' असं शोधत जे इथवर आले असतील त्यांना रस्त्याची, भाड्याची आणि खाण्याची माहिती मिळेल. मजा आली का, असं विचाराल तर उत्तर आत्ताच देऊन टाकते. नाही आली.

तुषार तापाने गेला. पावसाळ्यात आमच्या बदलापुरात घरटी एक तापाचा पेशंट असतो, तसाच हा, म्हणून गोळ्या घेऊन कामावर जात राहिला. दवाखान्यात नेलं तोवर डॉक्टर आमच्याशी फार हळू आवाजात बोलायला लागले होते. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात तो पॅकिंगला होता, आणि लग्नसराईत उल्हासनगरच्या एका शेठकडे नवरदेवांच्या गाड्या चालवायचा. त्यातली एक लाल स्पोर्ट्स कार, दोन दारांची, दोनच सीटची, छत उघडणारी. वरातीत अशी गाडी कशी चालते ते तुम्ही पाहिलंच असेल. पुढे बँजो, बँजोच्या पुढे घामाघूम मामेमंडळी, आणि मागे मुंगीच्या चालीने ही महाराणी.

घरी येऊन तो बूट काढता काढता कुरकुरायचा. "एवढं मोठं इंजिन, ताई, आणि मी त्याला म्हशीसारखं हाकत आणतो. एकदा मोकळ्या रस्त्यावर सोडायचीय. आईला शेजारी बसवून."

दहाव्याला मांजर्लीच्या बाजूला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. कावळा पिंडाला शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं आमच्यात धरतात. मग घरचे एकेक जण हात जोडून शब्द देतात. मामा म्हणाला, "तुझ्या आईला अंतर देणार नाही." कावळे झाडावर ढिम्म. मामा म्हणाला, "ताईचं लग्न लावून देतो." मी चाळिशीला टेकलेय, त्यावर तर कावळ्यांनी मानही वळवली नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करून उरकायच्या तयारीला लागले. आई खाली बसली होती, तिच्याकडे बघवेना. तेव्हा मी मागून ओरडले, "तुषार, ती लाल गाडी मी चालवीन! मोकळ्या रस्त्यावर, आईला घेऊन!"

कावळा खाली आला आणि शिवला.

मी असलं काही मानत नाही. पण शब्द दिला होता, आणि आईने तो ऐकला होता.

दुसऱ्या दिवसापासून आई स्वतः जेवायच्या आधी एक घास काढून ठेवायला लागली. कात्रपला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल. त्या ग्रिलवर रोज एक कावळा यायचा, आणि आई त्याच्याशी बोलायची. "थांब रे बाबा, ताईला रजा नाही मिळाली." "आज बोंबलाची चटणी केलीय, तुझ्या आवडीची." सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की हे कानावर यायचं. शेजारच्या वहिनी ग्रिलवरच्या घाणीबद्दल बोलून गेल्या. मामाने चार दिवस चामटोलीला माहेरी ये म्हटलं, तर आई जाईना. "तो दुपारी येतो, मी नसले तर?" बाहेर जाणं बंद, टीव्ही बंद, माणसांशी बोलणं बंद. जे काय बोलायचं ते कावळ्याशी.

मी ठरवलं, हा शब्द एकदाचा पुरा करायचा. तो राहिलाय म्हणून ती अडकली आहे, तो सुटला की तीही सुटेल. सरळ हिशोब होता. पण मी तारीख काढली की आईचं काहीतरी निघायचं. पितृपक्ष आला तेव्हा म्हणाली, पितरांच्या दिवसांत असली चैन करतात का? दिवाळीत म्हणाली, या वर्षी दारात कंदील नाही आणि आपण लाल गाडीतून मिरवायचं? मग गुडघा दुखायला लागला. शेवटी मी तिला न विचारता गाडी बुक केली आणि आदल्या संध्याकाळी सांगितलं. भांडणाची तयारी ठेवली होती. आईने निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले आणि म्हणाली, "जाऊ या. मी तरी किती दिवस थांबवून ठेवू त्याला?"

सकाळी रिक्षाने उल्हासनगर गाठलं. पुलावरून जाताना वालधुनी नदीचा वास नेहमीसारखा नाकात गेला. शेठचं ऑफिस म्हणजे फर्निचरच्या दोन दुकानांमधली एक बोळ. तुम्ही जाणार असाल तर लग्नाची तारीख टाळा आणि मधला वार घ्या, भाडं उतरतं. तरी माझ्या पगाराचा चांगला लचका गेलाच. अनामत वेगळी, आणि मूळ लायसन्स ठेवून घेतात. शेजारी दालपकवान चांगलं मिळतं. मी घेतलं आणि अर्धं टाकलं.

शेठने मला आणि माझ्या पंजाबी ड्रेसला आपादमस्तक पाहिलं. "शादी है? फोटोशूट? ड्रायव्हर अपना जाएगा, मॅडम. लेडीजको नहीं देता मैं ये गाड़ी."

"दोनच सीट आहेत, शेठ. मी आणि आई. तुमचा ड्रायव्हर डिकीत बसणार का?" मी म्हटलं. "आणि तुमचा ड्रायव्हर माझा भाऊ होता. तुषार."

शेठने चहाचा ग्लास खाली ठेवला. त्याला माहीत होतं, पण घरचं कोणी असं समोर येईल असं वाटलं नसावं. "अच्छा लड़का था. एक खरोंच नाही आणली कधी गाडीला," तो म्हणाला. मग किल्ली पुढे सरकवली आणि लगेच व्यवहारावर आला. "देखो, इसमें जीपीएस है. अस्सीच्या वर गेली की माझा मोबाइल बोंबलतो. मग मी तुमको फोन करणार. संध्याकाळच्या आत वापस."

मी रोज सेकंडहँड छोटी गाडी चालवते, तिचा हॉर्न सोडून सगळं वाजतं. या गाडीत बसले तर जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखं वाटलं. बटण दाबल्यावर मागून जो आवाज आला त्याने बोळीतलं कुत्रं उठून गेलं. आणि एवढी ताकद घेऊन मी अंबरनाथपर्यंत रिक्षांच्या मागे रांगत गेले. माहिती म्हणून लिहून ठेवा. कल्याण-बदलापूर रस्त्यावर स्पोर्ट्स कारचा उपयोग एवढाच की सिग्नलला लोक फोटो काढतात. प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासतं, म्हणून तिरकी घालून चढवायची. एक बाइकवाला खिडकीशी वाकून म्हणाला, "दीदी, एक रील बनवू का?" मी काच वर केली. त्या मानाने वरातीत तुषारला मोकळा रस्ता मिळत असेल, असं वाटून गेलं.

कात्रपला आई खाली येऊन उभी होती. तिची ठेवणीतली निळी साडी, हातात डबा. सोसायटीतल्या बायका गॅलरीत आल्या होत्या. मी गाडीभोवती फिरून दार उघडलं. आईने आत बघितलं, आणि आधी सीटवर हात फिरवला, पाठीच्या जागी, मग स्टिअरिंगवर. "इथे बसायचा काय तो?" मी हो म्हटलं. तिला आत बसवायला मला आणि वॉचमनला मिळून बरीच खटपट करावी लागली. तिने पदर खोचला आणि डबा मांडीवर घेतला. "हळू घे गं," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की हळू घेतली तर आलो कशाला.

कर्जतच्या रस्त्याला लागलो की बदलापूर संपता संपत नाही. टॉवर, टॉवरची जाहिरात, जाहिरातीतल्या टॉवरसाठी फोडलेला डोंगर. मग हळूहळू शेतं सुरू होतात. भात केव्हाच कापून झालेलं, नुसती खुंटं उरलेली आणि मधे मधे जाळलेली काळी जमीन. समोर चंदेरीचा सुळका धुरकटलेला. ज्यांना हिरवे फोटो हवेत त्यांनी पावसाळ्यात या. आम्हाला आता पावसाळा नको झालाय.

चामटोलीच्या अलीकडे मी छत उघडलं. आईचे केस विस्कटले, तिने पदर डोक्यावरून घेऊन दातांत धरला. "इथेच तुझ्या मामाच्या टेम्पोवर शिकला तो," ती पदराआडून म्हणाली. "शेताच्या बांधावर चढवला होता. मामाने पट्ट्याने मारलं, तर हा हसत होता."

पुढे रस्ता सरळ होता. दोन्हीकडे कोणी नाही, समोर गाडी नाही, मागे नाही. मी आईकडे बघितलं. तिने डोळे मिटले आणि मान डोलावली. मी पाय खाली दाबला.

ते कसं वाटतं ते नीट लिहिता येणार नाही. पाठ सीटमध्ये गेली, डोळ्यांतून पाणी आलं, वाऱ्याने का कशाने ते माहीत नाही. काटा ऐंशीच्या पुढे गेला, शंभरच्याही पुढे. डाव्या हाताची झाडं पुसली गेली. फोन वाजायला लागला, अर्थात शेठ. आई डोळे न उघडता ओरडली, "उचलू नको!" फोन वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजला नाही. मी पण ओरडत होते, "तुष्या, बघ रे, बघ!" असं काहीतरी. मग लांबवर एक बैल रस्त्यावर येताना दिसला आणि मी पाय काढला. झालं. सगळं मिळून एवढंच. ज्यासाठी तो वर्षानुवर्षं तळमळला ते आमचं चहा उतू जाण्याइतक्या वेळात संपलं.

आईने गाडी कडेला घ्यायला लावली. तिला बाहेर काढताना ती माझ्या गळ्यात पडल्यासारखी झाली, पण ती फक्त आधार घेत होती. डब्यातला भात आणि चटणी तिने शेताच्या कडेच्या दगडावर ठेवली. बाजूच्या बाभळीवरून कावळा लगेच उतरला, आढेवेढे न घेता. आई हात जोडून उभी राहिली. "झालं रे तुझं," ती म्हणाली. "ताईने केलं बघ. जा आता."

दहाव्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. तिथे रस्त्याच्या कडेला बसून रडली, अगदी मोठ्याने. एक दूधवाला थांबून म्हणाला, "काय झाला, मावशी? गाडी ठोकली काय?" मी त्याला हाताने जा म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या वेळी बरं वाटलं. गाठ सुटली असं वाटलं. मामाकडे चहाला थांबू म्हटलं तर आई नको म्हणाली. तसेच परतलो. वाटेत वडापाव घेतले. आईने हातात धरला आणि घरी येईपर्यंत तो तसाच राहिला.

तिला सोडून मी गाडी परत करायला गेले. ओरडा खायची तयारी ठेवून किल्ली टेबलावर ठेवली. शेठने वाकून गाडीचं पोट तपासलं, हात झटकले आणि लायसन्स परत दिलं. "आवाज आला होता मोबाइलला," तो म्हणाला. "मग मी फोन सायलेंट केला."

एवढ्यावर हे लिखाण संपवलं असतं तर बरं झालं असतं. मी घरी येताना मनात तसंच जुळवत होते, की शब्द पाळला, आई मोकळी झाली, शेठही माणूस निघाला.

दुसऱ्या दिवशीही माझी रजा होती. दुपारी आईने दोन ताटं वाढली आणि सरळ जेवायला बसली. घास काढला नाही. ग्रिलवर कावळा येऊन बसला होता आणि चोच घासत होता. मी म्हटलं, "आई, घास राहिला."

"आता कशाला?" ती म्हणाली. "त्याचं काही राहिलं नाही आता."

कावळा ओरडायला लागला. आई खाली मान घालून भात कालवत राहिली, पण खात नव्हती. मग म्हणाली, "राहिलं होतं तोवर येत होता. म्हणून मी लांबणीवर टाकत होते गं. पण त्याला तरी किती अडकवायचं आपल्यासाठी?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. मी त्याला सोडवायला निघाले होते, तिला सोडवायला निघाले होते, आणि घरात रोज दुपारी येणारा तिचा मुलगा मी चामटोलीच्या रस्त्यावर सोडून आले होते. एवढी साधी गोष्ट इतके महिने एका घरात राहून मला कळली नाही.

मला ते सहन होईना. मी माझ्या ताटातली पोळी मोडली, त्यावर चटणी घातली आणि ग्रिलवर ठेवली. कावळ्याने ती दोन फटक्यांत खाल्ली आणि आणखी मिळेल का म्हणून मान वाकडी करून आत बघितलं.

"आई, आला बघ," मी म्हटलं. "खाल्लं त्याने."

आईने मान वर करून खिडकीकडे बघितलं, अगदी नीट.

"तो कावळा आहे, मनीषा," ती म्हणाली.