वासाचं सांगा

खराडीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. एका आजारानंतर त्यांना वास येईनासा झाला, पण वाईनची हौस गेली नाही. शनिवारी संध्याकाळी ते बाटली उघडतात, मला अर्धा ग्लास देतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

मी हिशेबातला माणूस. पहिल्या दिवशी म्हणालो, "आंबट आहे."

"अहो, आंबट मलाही कळतं. जीभ शाबूत आहे. वासाचं सांगा."

हळूहळू जमू लागलं. एका लाल वाईनला जांभळाचा वास होता, पांढरीला पिकल्या पेरूचा, आणि एका महागड्या गुलाबीला चक्क नव्या रबरी चपलेचा. ते डोळे मिटून ऐकतात आणि मगच घोट घेतात.

परवा मला काहीच कळेना. त्यांचा हिरमोड नको म्हणून म्हणालो, "मोगरा."

त्यांनी डोळे उघडले. "सर्दी झालीय ना तुम्हाला?"

"थोडी."

"मग तसं सांगावं. मोगरा मला आठवतो, त्याला तुम्ही कशाला हवात?"

मी ओशाळलो. त्यांनी आपला भरलेला ग्लास तसाच बाजूला सारला आणि बाटलीला बूच घट्ट बसवलं.

"सर्दी काय, जाईल चार दिवसांत," ते म्हणाले. "मी थांबतो."