मिस्त्रींनी केलेली कडी

हसायचं असेल तर आधी चहा संपवा. घोट घशात असताना ठसका लागला, तर तोही माझ्या डोक्यावर यायचा. माझ्या भित्रेपणाच्या गोष्टी मंगळवार पेठेत सगळ्यांना ठाऊक आहेत. ही मात्र मी फारशी सांगत नाही.

मला तेव्हा एक आजार होता. दाराला कुलूप लावलं, की चार पावलांवर छातीत धडधड सुरू. लागलं का? नक्की लागलं? परत जायचं, ओढून बघायचं. पुन्हा चार पावलं, पुन्हा तेच. घाम फुटायचा. आणि घरात होतं काय? एक खाट अन् दोन पातेली! पण हे भीतीला कोण सांगणार?

लेक सुमन शिरोळला दिलेली. पहिल्या नातवाच्या बारशाला निघालो, आणि हातकणंगल्यात एसटी थांबवून उतरलो. घरी परत! आता तिला मुलगी झाली. बायको आठ दिवस आधीच तिच्याकडे गेली. सुमनचा निरोप आला, "अण्णा आल्याबिगर पोरीला पाळण्यात घालणार न्हाय."

मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "ही खोड नाही, आजार आहे. भीती वाटेल, वाटू द्या. परत फिरायचं नाही." सांगायला सोपं हो!

आमच्या गल्लीत बाबालाल मिस्त्री होते, लेथवर काम करायचे. त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "अण्णा, तुमाला पुरावा पायजे न्हवं? देतो की!" त्यांनी दाराला नवी कडी बसवली. कडी पुरती बसली, तरच तिच्यातून एक पितळी बिल्ला सुटून हातात यायचा. तो परत खाचेत घातल्याशिवाय कडी उघडायची नाही.

"बिल्ला हातात म्हंजे दार बंद. मग मागं बघायचं न्हाय. मन हाका मारंल, मारू दे!"

बारशाच्या सकाळी मिस्त्री कडीला तेल घालायला आले. मी पिशवी घेऊन दारात उभा. सगळा जीव त्या कडीत. दार ओढलं, कडी सारली. खट्! बिल्ला हातात!

चार पावलं गेलो, तोच मागून धाड धाड. "अण्णा! अवो अण्णा!"

अंगावर काटा आला. माझं मन किती बेरकी बघा! आज थेट मिस्त्रींच्या आवाजात हाका मारतंय! कानांत बोटं घातली आणि स्टँडपर्यंत पळत गेलो. वाटभर मुठीत बिल्ला. हातकणंगले आलं, डोळे मिटून घेतले. हातकणंगले गेलं!

शिरोळला पोचलो, तेव्हा सुमन दारातच रडायला लागली. नात मांडीवर दिली. मूठभर जीव, पण माझं बोट असं धरलं तिनं! जेवणं झाली. जावई कौतुकानं म्हणाले, "अण्णा, निघताना कडी कितींदा बघितलीसा?"

"एकदाच! मिस्त्रींनी तेल घातलं, मग ते हात धुवायला आत न्हाणीत गेले, आणि मी..."

मी ताडकन उठलो.

"मिस्त्री आत कोंडलेत!" मी ओरडलो. "मला जाऊ द्या!"

बायकोनं हात धरला. "अवो, बसा गप. तुमचं रोजचंच हाय."

सुमननं बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला. किती मायेनं बोलली! "अण्णा, ह्यो बघा बिल्ला. कडी लागलीया."

"लागलीय म्हणूनच तर!"

कोण ऐकतंय? कुणी पाणी देतंय, कुणी वारा घालतंय. मला डोळ्यांपुढे मिस्त्री आडवे पडलेले दिसायला लागले. शेवटी जावई उठले. "चला, बघून तरी येऊ," म्हणाले आणि फटफटी काढली.

गल्लीत ही गर्दी! दोन पैलवान पहार घेऊन उभे, आणि आतून मिस्त्री गरजतायत, "माझ्या कडीला हात लावलासा तर याद राखा! अण्णा येऊ द्यात!"

आवाज ऐकून माझे डोळेच भरले. खाच दिसेना, तेव्हा पैलवानानं माझं मनगट धरून बिल्ला आत घातला. मिस्त्री बाहेर आले.

"मिस्त्री, हाका ऐकल्या मी. पण मला वाटलं..."

"कळलं मला. मीच शिकवलंवतं न्हवं!" मग कडीवरून हात फिरवत म्हणाले, "पर झालीया झकास. दीसभर आतनं दार ओढलं, कडी हलली न्हाय!"

तेव्हापासून कडी मी एकदाच बघतो. फक्त ती लावण्याआधी खाटेखाली, न्हाणीत, माळ्यावर डोकावतो आणि मोठ्यानं विचारतो, "आत कोण हाय का?"

कुणी उत्तर देत नाही. मग छातीत धडधड सुरू होते. आत असून बोलत नसेल तर?