मोजणीमामा आणि बाबांची अक्षरं

मोजणीमामा कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले की आधी कागद मागायचे. स्क्रूड्रायव्हर नाही, पाणी नाही, कागद. तोही आलेखाचा. मग शर्टाच्या खिशातून टोकदार पेन्सिल निघायची आणि ज्या हार्ड डिस्कचे ते तुकडे पाडणार असायचे, तिचा नकाशा ते प्रमाणात काढायचे. एवढा चौकोन विंडोजचा, एवढा तुमच्या कामाचा, आणि वर कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण! पहिल्यांदा तो बाण बघून मला हसू आवरेना. "मामा, हार्ड डिस्कला कसली आलीय उत्तर दिशा?" चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "उत्तर नाय दाखवली तर तो नकाशा नाय भाच्या, ती रांगोळी." नकाशा झाला की खाली मालकाची सही. सहीशिवाय ते कीबोर्डला बोट लावत नसत.

त्यांची सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात गेली. खाडीकाठच्या शेतकरी घरातला माणूस, पण आयुष्यभर मोजली ती दुसऱ्यांची शेतं. नोकरीच्या शेवटी शेवटी नकाशे कॉम्प्युटरवर आले, तेव्हा खात्यातली तरुण मंडळी बदलीच्या खटपटीला लागली आणि हे पुस्तक उघडून शिकायला बसले. निवृत्त झाल्यावर वसईत त्यांचं नाव झालं ते एकाच कामासाठी, जुनी विंडोज बसवण्यासाठी. सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये अशी कितीतरी मशिनं आहेत, अजून धडधाकट, पण नव्या विंडोजशी त्यांचं जमत नाही. नवी काढा, डिस्क कोरी करा, तिच्यातल्या जागेचे तुकडे नव्याने पाडा, जुनी एक्सपी घाला, की मशीन सुरू. "नवी घालायला कोनीपन येल," मामा म्हणायचे. "सुनेला आनायला वरात असते. रुसून गेलेल्या सासूला परत आनायला मला बोलावतात."

त्यांच्याबरोबर बसणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा असायची. एक्सपी सुरुवातीला एक करारनामा दाखवते. जगातला कुठलाही माणूस तो न वाचता एफ-आठचं बटण दाबतो. मामा अख्खा वाचायचे, बोट पडद्यावर फिरवत, दर वेळी. "न वाचता सह्या केलेली लोकं मी बांधावर रडताना बगितलीयत," म्हणायचे. पुढे विंडोज 'एकोणचाळीस मिनिटं बाकी' असं सांगते आणि तो आकडा काही केल्या हलत नाही. मामांना त्याचं भारी कौतुक. "सरकारी मिनिटं हायेत ती. उगा घाई नाय करायची." मग पिशवीतून पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी निघायची, एक मला, एक त्यांना. ते चालू असताना जागेवरून उठायला मला बंदी. मोजणी चालू असताना मालक उठून गेला की खुंट्या हलतात म्हणे. आता हार्ड डिस्कमधल्या खुंट्या कोण हलवणार? पण बोलायची सोय नव्हती.

जागा पाडताना एक्सपी शेवटी आठ एमबीचा चिंचोळा तुकडा मोकळा सोडते. का सोडते ते मला आजही नीट ठाऊक नाही. मामांना मात्र तो तुकडा दिसला की चेहऱ्यावर समाधान यायचं. "बग, विंडोजलापन बांध कळतो. बांध नाय सोडला का भाऊ भांडलेच." नकाशावर ते तेवढ्या तुकड्याला हिरव्या पेन्सिलीने रंगवायचे.

पण त्यांची खरी रीत होती ती नकलेची. नक्कल म्हणजे पुसण्याआधी घेतलेली कॉपी. ती घेतली आहे असं तुम्ही शपथेवर सांगितलंत तरी मामा ऐकत नसत. ती स्वतःच्या लॅपटॉपवर लावून, एकेक फाइल उघडून, डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते पुसायचं बटण दाबत नसत. सातिवलीच्या एका गाळेवाल्याला त्यांनी तीन वेळा परत पाठवलं होतं. तो वैतागून म्हणाला, "मामा, माझ्यावर विश्वास नाही का?" मामा म्हणाले, "तुज्यावर हाय. सीडीवर नाय." हे सगळं मला माहीत होतं, तरीही माझ्या हातून जे व्हायचं ते झालंच.

आमचं रेडियमचं दुकान आहे. रिक्षांच्या काचा, बाइकच्या नंबरप्लेटी, आणि मुख्य म्हणजे पाचूबंदरच्या होड्या. रंगीत चिकट कागदातून अक्षरं कापायची आणि चिकटवायची, हा धंदा. बाबा मूळचे ब्रशवाले पेंटर. कापायचं मशीन आलं तेव्हा बाकीच्या पेंटरांनी दुकानं बंद केली. बाबांनी हट्टाने दोन वर्षं खपून आपलं एकेक अक्षर मोठ्या कागदावर काढलं आणि मी ते कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. म्हणून आमच्या होड्यांवरची नावं इतरांसारखी छापील दिसत नाहीत. लांबून होडी येताना दिसली की बंदरावर माणसं म्हणायची, "पेंटरचं अक्षर." मागच्याच्या मागच्या गणपतीनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दुकानात खुर्चीवर रस्त्याकडे तोंड करून बसून असायचे, कशातच लक्ष नाही. मूळ कागद कधीच वाळवीने खाल्ले होते, त्यांची अक्षरं उरली होती ती तेवढी त्या कॉम्प्युटरमध्ये.

आणि मी दीडशहाणा! कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून हौसेने नवी विंडोज घालून घेतली. कापायचं मशीन बंद पडलं. जुलै महिना, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, रंगकाम चाललेलं, मासेमारी सुरू व्हायच्या आत नावं लागायला हवीत. मी मामांना फोन केला.

ते आले, नकाशा झाला, बाण झाला, सही झाली. "नक्कल?" त्यांनी हात पुढे केला. मी पेनड्राइव्ह दिला. ते तो लॅपटॉपला लावायला लागले आणि माझं डोकं फिरलं. दुकानाबाहेर चार होडीवाले उभे होते, सकाळपासून मला बोल लावत होते. "मामा, बघितलंय मी सगळं! पुरे झाली आता तुमची मोजणी. माणसं खोळंबलीत." मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि आधी डी, मग एल अशी दोन बटणं दाबली. निळ्या पडद्यावर फॉरमॅटची पिवळी पट्टी पुढे सरकायला लागली.

एक्सपी छान बसली. मशीन खडखडून जागं झालं, होडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी पेनड्राइव्ह लावला आणि 'बाबांची अक्षरं' नावावर क्लिक केलं. काही उघडेना. पुन्हा केलं. मामा उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी कॉपी केला होता तो पडद्यावरचा शॉर्टकट. मी घर उचललंच नव्हतं, घराकडे बोट दाखवणारी पाटी तेवढी उचलून आणली होती. पुढे डिस्क मुंबईला एका माहीतगाराकडेही पाठवून बघितली. फायलींचे तुकडे आले, त्यातली एक उघडेल तर शपथ. होड्यांना त्या वर्षी बाजारची छापील अक्षरंच लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले ते सरळ बाबांच्या खुर्चीपुढे स्टूल ओढून बसले. "पेंटर, तुजी अक्षरं माज्या हातनं पुसली गेली. नक्कल बगायची माजी रीत हाय. काल नाय बगितली. चूक माजी." बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग तोंड रस्त्याकडे फिरवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडून खरं सांगायला मला कितीसा वेळ लागला असता? पण बाबांसमोर मला ते जमलं नाही आणि मामांनी माझ्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. त्या सकाळची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी पाचूबंदरहून एका गिऱ्हाइकाचा फोन. "तुमचा तो मामा इथं होड्या मोजतोय. डोकं फिरलं काय त्याचं?" मी स्कूटर काढून गेलो. मामा टेप, ट्रेसिंग पेपर आणि वही घेऊन एका होडीला चिकटून उभे, तिच्यावरचं बाबांचं जुनं अक्षर उतरवून घेत होते. जाळं विणत बसलेली एक मावशी त्यांना छेडत होती, "काय ओ मामा, जमिनी संपल्या, आता होड्यापन मोजून सरकारात घेनार काय?" "तुजी होडी नको बाय मला," मामा म्हणाले, "तिच्या नावातला ळ पायजे." पंधरा दिवस हे चाललं. पाचूबंदर झालं, कळंब झालं, मग रस्त्यात रिक्षा थांबवून तिच्या मागच्या काचेची मापं. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका.

मग रोज अकरा वाजता ते दुकानात येऊन बाबांसमोर बसायला लागले. आणलेली मापं आलेखाच्या कागदावर उतरवायची आणि बाबांना दाखवायची. उन्हापावसाने रेडियमचा कागद आकसतो, कडा उचलतात, म्हणजे मापंही काही खरी नव्हेत. शिवाय मामांची रेघ सरकारी, पट्टीवर ओढल्यासारखी. बाबांच्या अक्षरात जो एक डौल होता तो त्यात कुठून येणार? सुरुवातीला बाबा बघतच नसत. आठवडाभराने ते बघायला लागले. मग डाव्या हाताचं बोट चुकलेल्या जागेवर ठेवायला लागले. मामा निमूटपणे खोडायचे आणि पुन्हा काढायचे.

ळ काही जमत नव्हता. पाच वेळा खोडून झाला. मी दुकानाबाहेर एका रिक्षाच्या काचेवर नाव लावत होतो, तेवढ्यात आतून खुर्चीच्या हातावर थाड थाड आवाज आला आणि मागोमाग आवाज, घोगरा, तुटका, पण बाबांचाच: "पोट! पोट... मोठं!" दहा महिन्यांत पहिला शब्द. मामा धावत बाहेर आले. त्यांचा चष्मा पार ओला झाला होता. "भाच्या, बाप वराडला! माज्यावर वराडला रे तुजा बाप!" रिक्षावाला आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. काचेवरचं नाव वाकडं लागलं ते लागलंच.

त्यानंतर बाबा बोलायला लागले ते बहुतेक मामांना रागवण्यापुरतंच. "आखूड." "जाड." "तुला डोळे... आहेत का?" मामा खुशीत. घरी सुनेला सांगायचे, पेंटर आज मला पाच शब्द बोलला. दिवाळीपर्यंत स्वर आणि व्यंजनं संपली. मी ती एकेक करून मशीनमध्ये घातली आणि दर वेळी मामांनी नक्कल मागून, उघडून बघितली. मीही आता चार ठिकाणी नकला ठेवतो आणि चारही उघडून बघतो. बायको हसते. मग जोडाक्षरं सुरू झाली. ती पुष्कळ असतात.

पौषात एक दिवस अकरा वाजून गेले तरी मामा आले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात आला. नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लावायचा होता, आणि तो आमच्याकडूनच हवा होता. त्याने चिठ्ठीवर नाव लिहून दिलं: जगन्नाथ. इतक्या वर्षांत मला ते माहीतही नव्हतं. मी कॉम्प्युटरवर अक्षरं लावायला घेतली तर न्न नव्हता. तिथपर्यंत ते दोघं पोचलेच नव्हते. मी अर्धा न कापून दुसऱ्याला जोडला. बाबा खुर्चीतून पडद्याकडे बघत होते. त्यांनी जोरात मान हलवली. "तसं... नाही. कागद आण."

मी कागद आणला. बाबांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली. उभ्या जन्मात त्यांनी डाव्या हाताने रेघ मारली नव्हती. कागद सरकायला लागला तसा मी खाली बसून तो धरला. बाबांच्या जुन्या वळणात न्न म्हणजे एकाखाली एक दोन न. वरचा न झाला, थरथरत, भलतीकडे जात. खालच्याची रेघ सुरू झाली आणि मला राहवेना. "बाबा, मामांची चूक नव्हती. नक्कल मी चुकीची घेतली होती. ते बघत होते, मीच बघू दिलं नाही. त्यांच्यावर ओरडलो. ते तुमच्याशी खोटं बोलले, माझ्यासाठी."

पेन्सिल थांबली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, शब्द जुळवत होते. ते आता काय बोलतील ते ऐकायची मी तयारी केली.

"रबर... दे," बाबा म्हणाले.

मी रबर दिला. त्यांनी खालची रेघ खोडली आणि पुन्हा काढायला घेतली, आणि मी दोन्ही हातांनी कागद घट्ट धरून बसलो.